अ‍ॅडम ऑस्बर्न: सगळं सामान एकाच किमतीत देणारा माणूस

गेल्या दिवाळीत चुलतभावाला फोन घ्यायचा होता. बुलढाण्यात दुकानात गेलो, मॉडेल ठरलेलं होतं, पैसे खिशात होते. तेवढ्यात त्याच्या मित्राचा मेसेज आला, की दोन महिन्यांत याचंच पुढचं मॉडेल येतंय. झालं. भाऊ फोन न घेताच बाहेर पडला आणि दुकानदार आमच्याकडे बघत राहिला.

हे तुम्हीही कधीतरी केलं असणार. या थांबण्याला बिझनेसच्या पुस्तकांत चक्क एक नाव आहे: ऑस्बर्न इफेक्ट. पुढच्या वस्तूची बातमी आधीच फुटली की आत्ताच्या वस्तूची विक्री बसते. ज्या माणसावरून हे नाव पडलं तो अ‍ॅडम ऑस्बर्न. आज त्याचं नाव गुगल केलं तर बहुतेक ठिकाणी हीच एक गोष्ट सापडते, की यानं स्वतःच्या तोंडानं स्वतःची कंपनी बुडवली.

मला ही गोष्ट अर्धवट वाटते. कॉम्प्युटर सामान्य माणसाला परवडेल असा कसा करायचा, यावर या माणसानं जे केलं ते आज तुमच्या खिशातल्या फोनमध्येही आहे. आणि त्याचं बालपण भारतात गेलं, शेवटही भारतात झाला, हे तर फार कमी लोकांना माहीत असतं.

आश्रमाच्या गावातला मुलगा

अ‍ॅडमचा जन्म 6 मार्च 1939 चा, बँकॉकमधला. वडील आर्थर ऑस्बर्न इंग्रज, तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकवायचे. आई लुसिया पोलंडची. दोघांनाही अध्यात्माची ओढ, आणि ती ओढ त्यांना तामिळनाडूतल्या तिरुवन्नामलाईला घेऊन आली, रमण महर्षींच्या आश्रमात.

आपल्याकडच्या माणसाला हे गाव समजायला शेगाव डोळ्यांसमोर आणावं. एका संताच्या नावानं ओळखलं जाणारं गाव, रोज बाहेरून येणारी माणसं आणि सगळ्या गावाचा दिनक्रम त्याभोवती फिरणारा. फरक एवढाच, की तिथे अरुणाचल डोंगर आहे आणि पौर्णिमेला लोक त्याची प्रदक्षिणा करतात. अशा गावात हा गोरा मुलगा तमिळ बोलत वाढला. दुसऱ्या महायुद्धात वडील बँकॉकमध्ये जपान्यांच्या कैदेत अडकले आणि आईनं तीन मुलांना घेऊन ती वर्षं तिरुवन्नामलाईत काढली. युद्ध संपल्यावर वडील परत आले. पुढे त्यांनी रमण महर्षींवर लिहिलेली पुस्तकं आजही वाचली जातात.

अ‍ॅडमची शाळा कोडाईकनालच्या प्रेझेंटेशन कॉन्व्हेंटमध्ये झाली. 1950 मध्ये, अकराव्या वर्षी तो इंग्लंडला गेला. 1961 मध्ये बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीतून पदवी घेतली, मग अमेरिका गाठली आणि 1968 मध्ये डेलावेअर युनिव्हर्सिटीतून केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी केली. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग नाही, केमिकल. प्रोग्रॅमिंग तो पीएचडीच्या कामासाठी शिकला. आपल्याकडे मेकॅनिकल किंवा सिव्हिल करून आयटीत गेलेल्या पोरांना नातेवाईक टोमणे मारतात, त्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आधी पुस्तकं

पीएचडीनंतर त्याने शेल या तेल कंपनीत नोकरी केली. मोठ्या कंपनीत तो रमला नाही. 1970 च्या दशकात त्याने स्वतःचं काम सुरू केलं: चिप बनवणाऱ्या कंपन्यांसाठी माहितीपुस्तिका लिहायच्या.

तेव्हा मायक्रोप्रोसेसर नुकते आले होते. ते काय असतात, कसे चालतात, हे सोप्या भाषेत सांगणारं जवळपास काही नव्हतं. ऑस्बर्नने मायक्रोकॉम्प्युटरची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं आणि स्वतःच छापलं. आयएमएसएआय नावाची कंपनी तेव्हा कॉम्प्युटरचे किट विकायची. तिने हे पुस्तक प्रत्येक किटबरोबर द्यायला सुरुवात केली आणि पुस्तक धडाधड खपलं. माझा अंदाज असा, की वस्तूबरोबर दुसरी वस्तू बांधून देण्यात किती ताकद असते हे त्याला तिथेच उमगलं असावं.

कॅलिफोर्नियात होमब्रू कॉम्प्युटर क्लब होता. घरी सर्किट जोडणारे हौशी लोक तिथे जमायचे. अ‍ॅपलचा वॉझ्नियाकही यायचा. ऑस्बर्न तिथे पुस्तकं विकायला जायचा. या बैठका चालवणारा इंजिनिअर ली फेल्सेनस्टाइन त्याला तिथेच भेटला. 1979 मध्ये ऑस्बर्नने आपली प्रकाशनसंस्था मॅकग्रॉ-हिलला विकली. इंजिनिअरिंगची पुस्तकं वापरलेल्यांना हे नाव पाठ असेल. त्याच्याजवळ आता पैसा होता. मासिकांत कॉलम लिहून तो कॉम्प्युटर कंपन्यांवर टीका करत होताच. त्याची तक्रार साधी होती: कंपन्या नुसतं मशीन विकतात आणि ते चालवायला लागणारं बाकी सगळं गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात.

1795 डॉलरमध्ये काय काय

1981 मधला कॉम्प्युटर बाजार आधी समजून घेऊ. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी आला. त्याची सुरुवातीची किंमत 1565 डॉलर होती. ऐकायला ठीक वाटतं. पण त्यात मॉनिटर नव्हता, फ्लॉपी ड्राइव्ह नव्हता आणि रॅम फक्त 16 केबी. खरंच काम करता येईल असं मशीन हवं तर खर्च 3000 डॉलरच्या आसपास जायचा. सॉफ्टवेअर वेगळं.

स्वस्त कॉम्प्युटरचा एक दुसरा रस्ता इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअरने काढला होता. मार्च 1981 मध्ये त्याचा झेडएक्स 81 आला, किंमत 69 पौंड 95 पेन्स. एवढा स्वस्त कसा? तर काढता येईल ते सगळं काढून टाकलं होतं. स्क्रीन म्हणून घरचा टीव्ही, डेटा ठेवायला घरचा टेपरेकॉर्डर, रॅम 1 केबी. शिकायला मस्त, पण त्यावर दुकानाचा हिशोब करणं अवघड.

ऑस्बर्नने बरोबर उलटं केलं. एप्रिल 1981 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये त्याने ऑस्बर्न 1 मांडला. फेल्सेनस्टाइनने डिझाइन केलेलं हे मशीन बंद केलं की शिलाई मशीनच्या पेटीसारखं दिसायचं. वर हँडल होतं. झाकण काढलं की तोच कीबोर्ड. आत झेड 80 प्रोसेसर, 64 केबी रॅम, दोन फ्लॉपी ड्राइव्ह आणि मधोमध 5 इंची स्क्रीन. किंमत 1795 डॉलर. डॉलर तेव्हा नऊ रुपयांच्या आतबाहेर होता, म्हणजे साधारण पंधरा-सोळा हजार रुपये.

आजच्या नजरेनं हे आकडे गंमतशीर आहेत. तुमच्या फोनला 6 जीबी रॅम असेल तर ती याच्या जवळपास एक लाख पट झाली. एका फ्लॉपीत सुमारे 90 केबी मावायचं, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला एक साधा फोटोही बहुतेक बसला नसता. वजन होतं 11 किलो. याला पोर्टेबल म्हणायचे, कारण विमानात सीटखाली मावायचा. बॅटरी नव्हती, प्लग लावावाच लागायचा. आपल्याकडच्या लोडशेडिंगमध्ये त्याचं काय झालं असतं ते सांगायला नको.

5 इंचांत टाइप केलेली पूर्ण ओळ मावत नव्हती. कागदाच्या रुंदीइतक्या ओळीला 80 अक्षरं लागतात, स्क्रीनवर वाचता येतील अशी 52 च बसत होती. फेल्सेनस्टाइनने यावर डोकं लावलं. मेमरीत 128 अक्षरांची रुंद ओळ ठेवायची आणि स्क्रीन म्हणजे तिच्यावरून डावी-उजवीकडे सरकणारी खिडकी. तुम्ही फोनवर मोठी एक्सेल शीट उघडून बोटानं सरकवता, तेच काम तिथे कीबोर्डवरून व्हायचं.

पण खरी करामत सॉफ्टवेअरमध्ये होती. मशीनबरोबर सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम, लिहायला वर्डस्टार, हिशोबाला सुपरकॅल्क आणि प्रोग्रॅमिंगसाठी बेसिकचे दोन प्रकार, हे सगळं त्याच 1795 मध्ये यायचं. हीच सॉफ्टवेअरं सुटी घेतली असती तर जवळपास 1500 डॉलर गेले असते. त्यासाठी ऑस्बर्नने सॉफ्टवेअर कंपन्यांशी वेगळेच सौदे केले. हजारो कॉपींची खात्री दिली, स्वतःच्या कंपनीचे शेअर्स दिले आणि बदल्यात दर पाडून घेतला. एक कॉपी महाग विकायची की लाख कॉपी स्वस्तात, हा प्रश्न त्याने त्या कंपन्यांपुढे ठेवला होता.

सर्वात भारी मशीन बनवायचा त्याचा दावाच नव्हता. बहुतेकांना पुरेल एवढं द्यायचं, त्यापलीकडचं सगळं फालतू, असं तो उघड सांगायचा. स्क्रीन छोटी? चालेल. प्रोसेसर नवा नाही? चालेल. पण बॉक्स उघडल्यावर त्याच संध्याकाळी पत्र टाइप झालं पाहिजे.

इथे मला आमच्या घरचा पहिला कॉम्प्युटर आठवतो. 2011 च्या सुमारास सेकंडहँड असेंबल पीसी घेतला होता. विकणाऱ्याने विंडोज, वर्ड, एक्सेल आणि दोन-चार गेम सीडीवरून टाकून दिले. त्याचे पैसे त्याने मागितले नाहीत, आम्हीही विचारले नाहीत. सॉफ्टवेअरला वेगळी किंमत असते हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आपल्याकडे कॉम्प्युटर घरोघरी पोचला त्यात या चोरीच्या सीडीचा वाटा मोठा आहे, हे मान्य करायला हवं. ऑस्बर्नने तेच काम कायदेशीर पद्धतीनं, कंपन्यांना पैसे देऊन केलं होतं.

दहा हजारांचा अंदाज

मशीनच्या सगळ्या आयुष्यात मिळून दहाएक हजार नग खपतील असा कंपनीचा अंदाज होता. पहिल्या आठ महिन्यांतच 11,000 खपले. पुढे एक वेळ अशी आली की महिन्याला 10,000 जायला लागले. पत्रकार, वकील, फिरतीवरचे सेल्समन, छोटे दुकानदार, ज्यांनी याआधी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता ते ही पेटी घेत होते.

मागणी आली तशी नक्कलही आली. 1982 मध्ये केप्रो 2 बाजारात आला. तशीच पेटी, तसंच सॉफ्टवेअरचं गाठोडं, पण स्क्रीन 9 इंची, पूर्ण 80 अक्षरांची, आणि किंमत 1595. म्हणजे ऑस्बर्नपेक्षा 200 डॉलरने कमी. दुसरीकडे लोक आयबीएम पीसीकडे वळत होते. आयबीएमची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी होती आणि नवीन सॉफ्टवेअर तिच्यासाठीच लिहिलं जात होतं. सीपी/एमवर चालणारं मशीन तिथे मागे पडणारच होतं. मग कॉम्पॅकने आयबीएमचं सॉफ्टवेअर चालवणारी, उचलून नेता येणारी पेटी आणली. ती बरीच महाग होती, तरी खपली.

1983 मध्ये ऑस्बर्नने उत्तर म्हणून एक्झिक्युटिव्ह हे नवं मॉडेल जाहीर केलं. स्क्रीन 7 इंची, किंमत 2495 डॉलर. आणि इथे ती प्रसिद्ध गोष्ट येते. मशीन दुकानात पोचण्याआधीच ऑस्बर्न त्याचं कौतुक सांगत सुटला. डीलरांनी जुन्या मॉडेलच्या ऑर्डरी थांबवल्या. खामगावच्या बाजारात पुढच्या आठवड्यात भाव पडणार अशी नुसती कुजबुज झाली तरी व्यापारी हात आखडता घेतात, तसंच. गोदामात माल पडून, हातात रोकड नाही, पगार आणि पुरवठादारांची बिलं मात्र सुरू. सप्टेंबर 1983 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पहिलं मशीन विकून जेमतेम दोन वर्षं झाली होती.

त्याच 1983 साली आपल्या शेगावात श्री संत गजानन महाराज इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. बुलढाणा जिल्ह्यात इंजिनिअरिंगचं शिक्षण जेव्हा कुठे उभं राहत होतं, तेव्हा तिकडे पर्सनल कॉम्प्युटरची एक अख्खी कंपनी जन्मून संपलीही होती.

आता प्रश्न असा, की एका बडबडीनं कंपनी बुडते का? कंपनीतल्या लोकांनी नंतर सांगितलेली हकिगत वेगळी आहे. जुन्या मॉडेलचे काही मदरबोर्ड उरले होते. ते वाया जाऊ नयेत म्हणून एका अधिकाऱ्याने बाकीचे भाग नव्याने मागवून त्यांची पूर्ण मशीन बनवायला घेतली. थोडा माल वाचवायला गेले आणि त्याच्या कितीतरी पट पैसा अडकला. शिवाय कंपनी इतक्या वेगानं वाढली होती की हिशोब ठेवणारी यंत्रणाच नव्हती. शेअर बाजारात उतरायची तयारी चालू असताना कळलं, की नफा समजत होतो तो तोटा आहे.

माझं मत विचाराल तर केप्रोची मोठी स्क्रीन, आयबीएमकडे वळलेला बाजार आणि कच्चे हिशोब या तिघांनी मिळून कंपनी खाल्ली. आधीच जाहीर करण्याची चूक झालीच, पण ती शेवटचा धक्का म्हणता येईल. पुस्तकांना मात्र छोटी आणि शहाणपण शिकवणारी गोष्ट लागते, म्हणून तीच उरली.

99 डॉलर विरुद्ध 495

ऑस्बर्न गप्प बसला नाही. 1984 मध्ये त्याने पेपरबॅक सॉफ्टवेअर काढलं. नावातच सगळं आलं. पुस्तकाची स्वस्त कागदी आवृत्ती निघते, तसं सॉफ्टवेअर का निघू नये? तेव्हा हिशोबाच्या कामात लोटस 1-2-3 हे सॉफ्टवेअर राजा होतं, किंमत 495 डॉलर. ऑस्बर्नचा व्हीपी-प्लॅनर तसंच काम 99 डॉलरमध्ये करायचा. मेनू आणि कमांडही लोटससारख्याच होत्या, म्हणजे लोटस येणाऱ्याला नव्यानं काही शिकावं लागत नव्हतं.

1987 मध्ये लोटसने कोर्टात खेचलं. कोड चोरल्याचा आरोप नव्हता. वाद एवढाच होता, की मेनूची रचना आणि कमांडची नावं यांवर कॉपीराइट असतो का? असं समजा, की एखाद्या अ‍ॅपने दुसऱ्यासारखीच बटणं त्याच क्रमानं ठेवली, आतला कोड मात्र पूर्ण स्वतःचा लिहिला. ही चोरी की नाही? जून 1990 मध्ये कोर्टाने लोटसच्या बाजूनं निकाल दिला. पेपरबॅकचा धंदा खटला चालू असतानाच खिळखिळा झाला होता. ऑस्बर्न बाहेर पडला.

वाईट याचं वाटतं, की हाच वाद लोटसने पुढे बोरलँड कंपनीवर केला तेव्हा वरच्या कोर्टाने 1995 मध्ये उलटा निर्णय दिला: मेनूतल्या कमांडची रचना ही काम करण्याची पद्धत आहे, तिच्यावर कॉपीराइट नाही. 1996 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश 4 विरुद्ध 4 असे विभागले गेले आणि तो निर्णय कायम राहिला. ऑस्बर्नला त्याचा काही उपयोग नव्हता.

आपल्याकडे काय पोचलं

भारतात ऑस्बर्न 1 फारसा कुणी पाहिला नाही. आपल्याकडे आला तो सिंक्लेअरचा रस्ता. 1984 पासून सरकारी क्लास योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर मिळाले, आणि त्याच दशकात पुढे पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रमची परवाना घेतलेली आवृत्ती विकली. कीबोर्डएवढं मशीन, जोडायचं घरच्या टीव्हीला. आजचा रास्पबेरी पाय बघा. 2012 मध्ये तो 35 डॉलरला आला तेव्हा हातात फक्त बोर्ड मिळायचा. चार्जर, केबल, मेमरी कार्ड, स्क्रीन, सगळं तुमचं तुम्ही बघा. ही शुद्ध सिंक्लेअर पद्धत.

पण त्याच पायवर फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली की लिब्रेऑफिस, ब्राउझर आणि पायथन एका झटक्यात मिळतात. हार्डवेअरच्या किमतीत कामाचं सॉफ्टवेअर मिळणं ही ऑस्बर्नची बाजू. तुमचा फोनही तसाच आहे. दहा हजारांच्या फोनमध्ये कॅमेरा, नकाशे, कॅल्क्युलेटर, ब्राउझर आधीच बसवलेले असतात आणि त्यांचं वेगळं बिल कुणी देत नाही. ऑस्बर्नने शेअर्स देऊन जे जमवलं, ते आज ओपन सोर्स आणि जाहिराती जमवतात. जाहिरातीच्या बदल्यात आपण काय देतो हा वेगळा लेख होईल.

पेपरबॅकनंतर त्याने 1992 मध्ये नोएटिक्स नावाची आणखी एक कंपनी काढली, आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर काम करायला. वेळ बघा, 1992. पण तब्येत साथ देईना. मेंदूला छोटे छोटे झटके येत गेले, बोलणं-चालणं अवघड होत गेलं. जो माणूस कुठल्याही पत्रकाराला तासभर बोलून गुंगवायचा, तो हळूहळू शांत झाला. शेवटी तो भारतात परतला आणि बहिणीजवळ कोडाईकनालला राहू लागला. शाळेसाठी लहानपणी याच डोंगरावरच्या गावात तो आला होता.

18 मार्च 2003 रोजी झोपेतच त्याचा मृत्यू झाला. चौसष्टावा वाढदिवस होऊन बारा दिवस झाले होते.